बंद कॅमेऱ्याची बॅटरी

चि. छोटीस,


नवी बॅटरी घ्यायला नारायणगावला जायचा बेत तूर्त रद्द कर. कॅमेरा बंद करून ठेवला तरी चार दिवसांत बॅटरी संपते, एवढंच आत्ता तुला ठाऊक आहे. तेवढ्यावरून बॅटरीच वाईट असं ठरत नाही. दोष कॅमेऱ्यात असला तर नवी बॅटरीही तशीच संपेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं नको.

तुझी घाई मला समजते. उन्हाळी आवर्तनं सुटली की डिंभे धरणाचं पाणी भराभर उतरतं. डावा कालवा ते येडगाव धरणाकडे नेतो, उजवा खालच्या शेतांकडे. मग तुला ज्यांचे फोटो घ्यायचे आहेत त्या, धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावच्या खुणा उघड्या पडतात, त्या थोड्याच दिवसांसाठी. भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस लागला की घोड नदी पुन्हा सगळं झाकून टाकते. ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली, ती म्हातारी माणसं तुला आपला उंबरठा कुठे होता ते दाखवायला उन्हातून चालत येणार. त्या वेळी कॅमेरा बंद पडलेला चालणार नाही. म्हणून आधी कारण शोध.

पहिली गोष्ट नीट समजून घे. हल्लीच्या कॅमेऱ्याचं बटण ऑफवर नेलं म्हणून बॅटरीचा संबंध तुटत नाही. आतल्या सर्किटला फक्त थांबायची सूचना जाते, आणि काही भाग त्यानंतरही जागे राहतात. हे अगदी नवं नाही. आम्ही वापरायचो त्या पेंटॅक्स के-१००० ला प्रकाशाचा मीटर बंद करायचं बटणच नव्हतं. लेन्सवर झाकण घातलं की अंधारात मीटरला वीज लागेनाशी व्हायची. झाकण विसरलं की सेल उतरलाच. तुझ्या कॅमेऱ्यात असे जागे राहणारे भाग जास्त आहेत, आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

आता वही घे आणि एक हिशेब कर. तुझ्या बॅटरीवर १८०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, लिहिलंय. चार दिवसांचे ९६ तास. १८०० ला ९६ नी भाग, साधारण १९ येतात. म्हणजे बॅटरी खरोखर पूर्ण भरत असेल, तर कॅमेरा बंद असताना आत सतत सुमारे १९ मिलिअँपिअर वीज कोणीतरी खातंय. तारीख-वेळ सांभाळणाऱ्या घड्याळाला याचा हजारावा हिस्सासुद्धा पुरतो, तेव्हा घड्याळावर संशय नको. लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तर महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते, तेव्हा तेही कारण नाही. आत काहीतरी बऱ्यापैकी मोठं चालू आहे, किंवा बॅटरीची ताकदच इतकी घटली आहे की भरलेली दिसूनही तिच्यात फारसं काही नसतं. या दोहोंतलं कोणतं, ते आधी ठरव.

त्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज कर, कॅमेऱ्यातून काढ आणि टोकांवरचं प्लॅस्टिकचं झाकण लावून कपाटात ठेव. चार दिवसांनी घालून बघ. भरलेलीच निघाली तर तिनं वीज धरून ठेवली. मग त्याच बॅटरीवर एक दिवस काम करून बघ, नेहमीएवढे फोटो निघाले तर तिची ताकदही शाबूत आहे आणि चोर कॅमेऱ्यात आहे. बाहेर ठेवूनही उतरली, किंवा वीस-पंचवीस फोटोंतच मान टाकली, तर खुशाल नवी घे. काही कॅमेऱ्यांत बॅटरीचं वय दाखवणारी पाटी मेनूत असते, तीही बघ.

माझा पहिला संशय जीपीएसवर आहे, कारण फोटोला जागेची नोंद हवी म्हणून तू ते चालू केलं होतंस. कॅननचा सिक्स-डी २०१२ साली आला, त्याच्या पुस्तिकेतच स्पष्ट लिहिलंय की जीपीएस चालू ठेवलं तर कॅमेरा बंद केल्यावरही तो ठरावीक वेळानं उपग्रहांचा संकेत घेत राहतो आणि बॅटरी उतरते. पुढे २०१४ च्या सेव्हन-डी मार्क टू मध्ये जीपीएसचे दोन प्रकार दिले. एकात बंद असतानाही शोध चालू, दुसऱ्यात बटणाबरोबर जीपीएसही बंद. तुझ्या कॅमेऱ्यात असा पर्याय असेल तर दुसरा निवड, नसेल तर काम संपल्यावर मेनूतून जीपीएस बंद करायची सवय लाव. लोखंडी कपाटात, पत्र्याच्या छपराखाली उपग्रह कुठून सापडणार? रिसीव्हर बिचारा रात्रभर शोधत राहतो.

त्यानंतर ब्लूटूथ आणि वाय-फाय. कॅमेरा बंद असतानाही फोनशी जोडलेला राहावा, फोटो आपोआप फोनमध्ये जावेत, अशी सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ती बंद कर. नुसतं ब्लूटूथ फार खात नाही, पण ते बाकीच्या यंत्रणेला पुन्हा पुन्हा उठवत असेल तर खातं.

एवढं करूनही उतरली तर लेन्स काढून बॉडीला झाकण लाव आणि पुन्हा चार दिवस थांब. मग लेन्स लावून कार्ड काढ. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचं कधीकधी बॉडीशी जमत नाही, आणि ती कॅमेऱ्याला पुरतं झोपू देत नाही. खाली बॅटरी-ग्रिप लावली असेल तर तीही काढून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल, हे मी तुला हात जोडून सांगतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशानं गेला हे तुला कधीच कळणार नाही, आणि ऐन कामात तो परत येईल. थांबायला जिवावर येतं, पण इथे दुसरा रस्ता नाही.

बटणंही तपास. डिंभ्याच्या पावसाळी हवेत एक सीझन काढलेल्या कॅमेऱ्याचं शटरचं बटण अर्धवट दाबलेलं अडकू शकतं. बोटानं हलकेच दाबून सोड, ते पटकन वर येतंय का बघ. बॅटरीचे संपर्क कोरड्या मऊ कापडानं पूस, पॉलिश कागद मुळीच लावू नकोस. आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नकोस. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश असतो, त्याच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो.

तोवर, चाचणी चालू नसेल तेव्हा, रात्री बॅटरी काढून ठेवायला हरकत नाही. पण दोष त्यानं जात नाही, आणि एक धोका आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत घड्याळाचा आतला छोटा सेल मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की तोही उतरतो आणि तारीख मागे जाते. तुझ्या फोटोंत कोणत्या दिवशी पाणी कुठवर होतं हीच नोंद महत्त्वाची, तेव्हा बॅटरी घातली की आधी तारीख बघ. काढलेली बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर पिशवीत टाकू नकोस, शॉर्ट होईल. गाडीच्या डिकीत उन्हातही नको.

कपाटातल्या चाचणीत बॅटरी चांगली ठरली, तर आधी फक्त जीपीएस बंद कर आणि बॅटरी पूर्ण भरून कॅमेऱ्यातच ठेव. चार दिवसांनी चालू करून टक्के किती राहिले ते वहीत लिही आणि मला कळव. बाकीचं सगळं करून पाहूनही ऐंशीच्या खालीच राहिले तर कॅमेरा घेऊन मंचरला ये, मी गाडीनं तिथे येतो आणि आपण दोघं पुण्याला सर्व्हिस सेंटरला जाऊ. वही बरोबर आण. काय काय करून पाहिलं ते लिहिलेलं असलं की दुरुस्ती करणाऱ्यालाही बरं पडतं.

तुझा मामा