थंड पाणी म्हणजे समुद्राचं खत



1 ऑगस्टला बंदी उठल्यावर पहिल्या फेऱ्यांना खालचं पाणी थंड असतं, हे आपल्या तांडेलांना सांगायला नको. या थंडीचा मासळीशी काय संबंध? अमेरिकेतल्या उत्तर कॅलिफोर्नियाच्या मच्छीमारांनी तो फार महागात शिकला.

तिथे केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ खडकांवर वाढतं. तळापासून थेट पाण्याच्या वरपर्यंत, जणू रानच. मासळीची पिल्लं त्यात लपतात. अ‍ॅबलोनी नावाची मोठी समुद्री गोगलगाय तेच खाऊन जगते. तिथलं बुल केल्प एका वर्षाचंच. वसंतात उगवतं, उन्हाळ्यापर्यंत दहा मीटरच्या वर जातं, थंडीतल्या वादळांत उपटून निघतं.

एवढी वाढ होते कशी? वसंतात वायव्येचा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे आपण शेताला देतो तसं नत्र. वरचं पाणी तापलं की हलका थर झाकणासारखा बसतो. खत खालीच अडकतं, केल्प उपाशी राहतं.

2014 ते 2016 या काळात तसंच झालं. त्याआधी 2013 पासून रोगाने तारामासे मरत होते. तेच जांभळ्या सी अर्चिनला, म्हणजे काटेरी गोळ्यांना खात. खाणारा गेला, गोळे बेसुमार वाढले आणि उरलंसुरलं केल्प त्यांनी फस्त केलं. 90 टक्क्यांहून जास्त रान गेलं. अ‍ॅबलोनी उपासमारीने मेल्या, 2018 मध्ये त्या धरणं बंद करावं लागलं. पुढे पाणी थंड झालं, तरी गोळे खडकांवर बसूनच राहिले आणि रान सहज परतलं नाही.

आपल्याकडे पाणी उबदार, त्यामुळे केल्प होत नाही. पण खताचं गणित तेच. पावसाळ्यात थंड पाणी वर चढतं, त्यावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती वाढते, त्यावर तारली आणि बांगडा पोसतो. एक फरक लक्षात ठेवा: आपल्या या थंड पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते किनाऱ्याजवळ चढलं की तळाची मासळी जागा सोडते.

म्हणून एक सवय लावूया. प्रत्येक फेरीला बादलीभर पाणी काढून लगेच तापमान बघा. तारीख, जागा, खोली आणि मिळालेली मासळी त्याच वहीत लिहा. एका वर्षात फार कळणार नाही. पाच वर्षांची वही मात्र तुमच्या मुलांना उपयोगी पडेल.