योजकाचे रिपू



वस्तू प्रत्यक्षात येण्यापूर्वी ती मनात उभी करणारा, तिचा आराखडा आखणारा, आणि ती कोणी, कशाने व कोणत्या क्रमाने घडवावी हे ठरविणारा जो मनुष्य, त्यास आपल्या भाषेत योजक म्हणतात. घराचा नकाशा काढणारा स्थपती, धरणाची आखणी करणारा इंजिनियर, पैठणीच्या पदरावरील मोर योजणारा विणकर, छापखान्याच्या अक्षरांस वळण देणारा कलावंत, आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे हे ठरविणारा तरुण, हे सर्व एकाच कुळातले होत. हल्ली यांना डिझायनर म्हणण्याचा प्रघात आहे. तुमच्यापैकी कित्येक जण पुढे या मार्गास लागतील, कित्येकांच्या हाताखाली इतर माणसेही काम करतील. यास्तव या धंद्यात कौशल्याच्या जोडीस आणखी कशाचे अगत्य आहे, याचा विचार आताच करणे उचित होय.

आपल्या पूर्वजांनी काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर असे मनुष्याचे सहा रिपू गणले. ख्रिस्ती परंपरेत सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी मुख्य पातकांची संख्या सात ठरविली; त्यांत पुढे आळसासही ठाम स्थान मिळाले. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर गर्व, लोभ, क्रोध व मत्सर हे दोहोंतही आढळतात. दूरदूरच्या देशांतील विचारवंतांनी मनुष्यस्वभावाचे निरीक्षण करून जवळजवळ एकच निदान करावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे रिपू सर्वांनाच आहेत. मग योजकाचा वेगळा विचार कशासाठी? कारण असे की, सामान्य मनुष्याचा दुर्गुण बहुधा त्याच्या घरास व शेजाऱ्यांस भोवतो. योजकाचा दुर्गुण मात्र दगडात, सिमेंटात किंवा यंत्रात उतरतो, आणि ज्यांनी त्यास कधी पाहिलेही नाही अशा हजारो लोकांना तो पुढे कित्येक वर्षे भोगावा लागतो.

याचा धडा घेण्यास आपणांस दूर जावयास नको. जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी आपल्याच सोयगाव तालुक्यात आहेत. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, उभ्या कड्यात ही सुमारे ३० लेणी कोरलेली आहेत. त्यांतील काही इसवी सनापूर्वीची असून बरीचशी पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहेत. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, हे तेथील शिलालेखावरून कळते. घर बांधणारा पायापासून वर जातो. येथील कारागीर छतापासून खाली उतरत गेले. चोविसावे लेणे अपुरे राहिले असल्यामुळे कामाची ही रीत त्यात आजही पाहावयास मिळते. अशा कामात स्तंभाच्या जागी चुकून छिन्नी चालली, तर तेथे पुन्हा दगड भरता येत नाही. म्हणजे पहिला घाव घालण्यापूर्वीच संपूर्ण लेणे योजकाच्या मनात उभे असले पाहिजे, आणि त्याचे मन हाताखालच्या प्रत्येक पाथरवटास कळले पाहिजे. नेतृत्व म्हणतात ते हेच.

आता एकेका रिपूकडे वळू. प्रथम मद. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. दहाव्या लेण्यात शिरून त्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. तेव्हा आत मातीचा ढीग साचला होता व तो त्यावर उभा होता. म्हणून ते नाव आज आपल्या डोळ्यांच्या बरेच वर दिसते. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांनी स्वतःचे नाव मिरविले नाही, आणि घटकाभर आलेल्या पाहुण्याने मात्र आपले नाव चित्रास जखम करून ठेवले! हा मदाचा उघड प्रकार झाला. त्याचा सूक्ष्म प्रकार अधिक घातक असतो. तो म्हणजे आपल्याला सर्व कळले आहे अशी खात्री. मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात येथील चित्रांच्या नकला मोठ्या कष्टाने केल्या. परंतु चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासण्यात आले. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे उपकारच होत. तथापि त्यांनीही चित्रांवर लाखेचा थर दिला. कालांतराने हे थर पिवळे व काळसर पडले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते काढण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. या मंडळींचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच त्यांचे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. केवळ सद्धेतू असला म्हणजे योजकाचे भागत नाही. पुढील पिढीस काढून टाकता येणार नाही असे काहीही मूळ वस्तूस लावू नये, हा नियम आज जगभरचे जतनकार पाळतात. त्याचा अर्थ इतकाच की, आपले चुकू शकते हे कामास हात घालण्यापूर्वीच मान्य करावे.

दुसरा रिपू मोह. योजकास सर्वांत मोठा मोह पडतो तो काम लवकर पुरे झाल्याचे पाहण्याचा. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे नवे मातीचे धरण फुटले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठले होते. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूच्या गोण्या रचून बंधारा शक्य तितका तगविला. त्यामुळे धरण ऐन मध्यरात्री न फुटता सकाळी फुटले व अनेकांचे प्राण वाचले. तरीही खालचे खडकवासल्याचे जुने धरण त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. निसर्ग कोणाच्या मुदतीची वाट पाहत नाही. ‘अजून काम तयार नाही’ हे चार शब्द वरिष्ठांपुढे उच्चारणे हे पुष्कळदा आराखडा काढण्याहून अवघड असते. परंतु तेही योजकाचेच कर्तव्य होय.

तिसरा लोभ. हा हल्ली दुकानाच्या पेढीवरून उठून मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसला आहे. ‘फक्त दोनच नग उरले’ अशी खोटी निकड दाखविणे, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, वर्गणी सुरू करणे एका बोटाचे काम ठेवून ती बंद करण्याची वाट मात्र भूलभुलैयासारखी करणे, या युक्त्या आपोआप घडत नाहीत. कोणी तरी बुद्धिमान योजक खुर्चीवर बसून त्या विचारपूर्वक योजीत असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद करून त्यांस मनाई केली आहे. पालकांनी हे आपल्या मुलांसमवेत बसून अवश्य समजून घ्यावे. माप मारणारा वाणी आणि अशी बटणे मांडणारा पदवीधर यांच्यात नैतिकदृष्ट्या काय अंतर आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चौथा मत्सर. दुसऱ्याचे गुण दिसतात, हवेसेही वाटतात, परंतु श्रेय देववत नाही, हे त्याचे लक्षण. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे प्रदर्शनात मांडली, आणि कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. वस्तुतः कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन लाभले होते. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर कंपनीने आपल्या प्रेरणेचे मूळ मान्य केले. दुसऱ्यापासून शिकण्यात कमीपणा नाही. शिकविणाऱ्याचे नाव गिळण्यात आहे. वर्गात मित्राची आकृती उतरवून घेऊन आपली म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यानेही हे ध्यानात धरावे.

पाचवा क्रोध. केलेल्या कामास कोणी नावे ठेवली की तो उसळतो. येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष बाधेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. शेतकऱ्यांस अडाणी म्हणून ते मोकळे झाले नाहीत. चिकाटीने गिऱ्हाइकाची समजूत पटविली. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी पुढे त्याच नांगरावर उभी राहिली.

सहावा आळस. योजकाचा आळस हातापायांचा नसतो, तो कल्पनेचा असतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, आणि सार्वजनिक इमारतींपुढे उतरंडी दिसू लागल्या. एक फूट उंची चढावयाची तर उतरंड निदान १२ फूट लांब असावी, असे प्रमाण आहे. कोणी ती चार फुटांत उरकली तर कागदावर उतरंड होते. पण चाकांची खुर्ची तीवरून एकट्याने वर चढू शकत नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्या एका माणसास विचारण्याचे श्रम घेतले असते, तर हे तेव्हाच कळले असते.

असे हे रिपू. एकटा योजक केवळ निश्चयाच्या बळावर त्यांस जिंकील, असे मला वाटत नाही. म्हणून जो पुढारी आहे त्याने आपल्या कामातच अशी व्यवस्था ठेवावी की, त्याचा दुर्गुण इतरांस वेळीच दिसेल आणि त्यांस तो बोलून दाखविता येईल. सर्वांत कनिष्ठ कारागिरास ‘साहेब, येथे चुकते आहे’ असे निर्भयपणे म्हणता आले पाहिजे, आणि असे म्हणणाऱ्याची भाकर जाता कामा नये. ज्या कचेरीत असे म्हणणारा कोणीच उरलेला नसतो, तेथील शांततेस शिस्त समजू नये.

विद्यार्थ्यांनो, शाळेच्या प्रदर्शनासाठी साधा तक्ता किंवा प्रतिकृती करावयाची असली, तरी पुढील पाच प्रश्न स्वतःस विचारावे. ही वस्तू कोण वापरणार, आणि त्याला मी विचारले आहे काय? ही कोणाकडून शिकलो, आणि त्याचे नाव मी सांगितले आहे काय? माझे चुकले तर ती कोणास दुरुस्त करता येईल काय? मी घाई कोणासाठी करीत आहे? आणि माझ्या आईने ही वस्तू माझ्या गैरहजेरीत वापरली, तर ती फसेल काय?

पुढील सहलीत अजिंठ्यास जाल तेव्हा फर्दापूरच्या फाट्यावर तुमची गाडी थांबेल आणि लेण्यांपर्यंतचे उरलेले सुमारे चार किलोमीटर तुम्हांस तेथील बसने जावे लागेल. गाड्यांच्या धुरापासून लेणी दूर राहावीत, म्हणून ही योजना आहे. त्या खोळंब्याबद्दल कुरकुर न करता, असा खोळंबा योजणाऱ्याने कोणाचा विचार केला असेल, हे एकमेकांस विचारून पाहावे.