रंगाखालची नळी

चि. ओंकार,

तुमच्या दुकानात आलेल्या, बाहेर घोडे असलेल्या इंग्लिश दुनळी बंदुकीवर कुणीतरी काळा ऑइलपेंट फासला आहे, आणि तो उतरवून नळ्यांवर पुन्हा मूळचा निळसर-काळा हात चढवायचा आहे. पॉलिश पेपर मारू की कॉस्टिकमध्ये बुडवू, असं तू विचारतोस. मी म्हणेन, दोन्ही नको. रंग विरघळवता येतो, पण नळीचं घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. तेव्हा रंग सुटेल आणि पोलादाला, नळ्या जोडणाऱ्या डाखाला धक्का लागणार नाही, असाच उपाय निवडायचा. बाकीचं सगळं यातून निघतं.

त्या रंगाखाली काय असू शकतं ते बघ. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्यानं उभं राहिलं. नळीत जादा दारू ठासून, ती बार उडवून तपासायची आणि टिकली तरच ठसा मारायचा, हे त्याचं काम. हे ठसे बुडाशी, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात आणि फार खोल नसतात. तिथे ‘नॉट फॉर बॉल’ असं दिसलं तर ती नळी १८७५ ते १८८७ या काळात तपासलेली आहे आणि तिचं तोंड आवळलेलं आहे, म्हणून एकसंध गोळी वर्ज्य, एवढं एका ओळीत कळतं. ठसा फक्त काळ्या दारूचा असेल तर आजची धूररहित काडतुसं त्यात घालायची नाहीत. म्हणजे पॉलिश पेपरखाली जाणारी अक्षरं ही गिऱ्हाइकाच्या जिवाची गोष्ट आहे. शिवाय नळ्या पिळाच्या असतील, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून जोडलेल्या, तर त्यांची नक्षी त्या दोन धातूंवर गंजाचा आणि आम्लाचा परिणाम वेगवेगळा होतो म्हणूनच दिसते. घासलंस की सगळं एकसारखं चकचकीत होतं आणि नक्षी हरवते. त्यात अशा नळीची भिंत पातळ जागी एक मिलिमीटरही भरत नाही. घासायला तिथे फारसं शिल्लकच नसतं. तू म्हणशील, वरून नवा हात चढवायचाच आहे, मग चरे झाकले जातीलच. नाही जात. तो हात म्हणजे पोलादाच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. खालचा प्रत्येक चरा त्यातून दिसतो. चरे झाकण्याची सोय रंगात होती, कदाचित तो त्यासाठीच लावला असेल!

कॉस्टिकची बाजू मात्र खोटी नाही. ऑइलपेंटमधल्या तेलाचा त्यानं साबण होतो आणि रंग सुटतो. एकनळी ठासणीच्या बंदुकीची नळी लाकडापासून वेगळी केलेली असेल तर मीही फार हरकत घेणार नाही. पण दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी शिशा-कथलाच्या डाखानं बसवलेली असते. कॉस्टिक तो डाख खातं, पट्टीखालच्या पोकळीत शिरतं आणि वरून कितीही धुतलंस तरी आत काम करत राहतं. हीट गनचंही तेच. शिसं-कथलाचं योग्य प्रमाणातलं मिश्रण १८३ अंशांना वितळतं, आणि हीट गन सहज त्याच्या पलीकडे जाते.

तेव्हा जेलसारखा पेंट रिमूव्हर लाव, त्याला वेळ दे, फुगलेला रंग बांबूच्या पट्टीनं उचल, कोपऱ्यांत पितळी ब्रश फिरव. स्प्रेचा ड्यूको असेल तर थिनरनंच निघेल. मुरलेला ऑइलपेंट थिनरला दाद देत नाही. रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर घरात उघडू नकोस. ते ४० अंशांनाच उकळतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड म्हणून खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बेंझिल अल्कोहोलचा रिमूव्हर सावकाश चालतो, पण तोच घे. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यताही धर; आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ साली लागू झाली. कोरडं घासायचं नाही याचं हे आणखी एक कारण.

गिऱ्हाईक एवढा वेळ थांबत नाही, ही तुझी खरी अडचण. तर पहिल्या दिवशी फक्त बुडाकडचा भाग मोकळा कर आणि ठसे त्याला दाखव. रंगाखाली मूळ हात बऱ्यापैकी टिकलेला निघाला तर तेल लावून थांबणंच योग्य; कामाचे पैसे कमी होतील, होऊ देत. नाहीच टिकला, तर गंज चढवून उकळत्या पाण्यात काळा करायची जुनी रीत वापर. पाणी १०० अंशांपलीकडे जात नाही, डाख सुरक्षित राहतो. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, आणि हे पुन्हा पुन्हा करून रंग गडद करता येतो. उघडं पोलाद पावसाळी हवेत रात्रभर तसंच ठेवू नकोस.

हे सगळं तुमच्या दुकानाच्या उस्तादांच्या परवान्याखाली, दुकानातच व्हायला हवं; १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. काम सुरू करण्याआधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे उस्तादांसमोर बघ. ठसे मोकळे झाले की त्यांचे फोटो पाठव, म्हणजे पुढचं ठरवू.

तुझा,
काका