कोणती गाडी धरायची

१. गावाचं नाव कोहिनूर सांगितलं की बाहेरचा माणूस हिऱ्याचा विनोद करतो. करू द्यावा. २००८ साली पुण्याजवळच्या भोसरीत कामाला लागलो, तेव्हा गेटवर पहिल्याच दिवशी झाला. मग मी ‘बसवकल्याण तालुका, बिदर जिल्हा’ एवढंच सांगू लागलो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, “म्हणजे कानडी का तुम्ही?” घरात मराठी, रानात कानडी, बाजारात दखनी हिंदी. चहाच्या सुट्टीत हे समजावून होत नाही. मी “हौ” म्हणायचो आणि चहा प्यायचो.

२. आमच्याकडे पोराची झेप गाडीवरून मोजतात. हैदराबादची धरली तर मिस्त्रीकाम किंवा हॉटेल, पुण्याची धरली तर कंपनी. बंगळूरची धरली तर पोरगं हुशार, असं समजायचं. बसवकल्याणच्या ऑटोनगरात ट्रकच्या बॉड्या बांधायला गेलेल्याला मात्र कुणी हिशेबात धरत नाही, कारण तो संध्याकाळी घरी येतो. मी दोन वर्षं तिथे वेल्डिंग शिकलो. पुढच्या बारा वर्षांत भोसरीने मला शिस्त दिली, पगाराची स्लिप दिली. हात मात्र ऑटोनगरानेच दिला होता. हे कळायला उशीर झाला.

३. कागद नीट ठेवा. माझं नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानोबा, रेशनकार्डावर कानडीत ग्यानोबा आणि आधारवर इंग्रजीत तिसरंच काहीतरी. राज्यघटनेच्या ९८व्या दुरुस्तीने आपल्या भागाला ३७१ (जे) कलम मिळालं. इथल्या क गटाच्या सरकारी जागांत ८० टक्के वाटा स्थानिकांचा, कॉलेजच्या प्रवेशातही राखीव जागा. पण आपण स्थानिक आहोत, हे प्रमाणपत्राने सिद्ध करावं लागतं. मुलीसाठी ते काढायला मला सात महिने लागले. बापजाद्यांपासून इथेच नांदतोय, तरी तीन नावांचा माणूस एकच आहे हे स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं. साहेब वाईट नव्हता. त्याच्यासमोर खरोखरच तीन माणसं उभी होती.

४. कानडी शिका. हा बोल जरा लांबेल, कारण यात माझीच चूक आहे.

आजोबांचा जमिनीचा कागद उर्दूत, निजामाच्या काळातला. वडिलांची पहाणी, म्हणजे सातबारा, कानडीत. माझं दप्तर मराठीत. १९५६ साली बिदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे मराठी मुलखात गेले, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे कानडी मुलखात राहिले. घरात त्याची सल होती, आणि तिच्यापायी कानडीला आम्ही ‘सरकारची भाषा’ ठरवून टाकलं. दहावीला मराठी १२५ गुणांची आणि कानडी १०० ची. मी कानडी पास होण्यापुरती केली. मराठी जपायला कानडी टाळायची गरज नव्हती, हे तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. असतं तरी मी ऐकलं नसतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये परतलो आणि स्वतःच्या वेल्डिंगच्या शेडसाठी थ्री-फेज कनेक्शन मागायला गेलो. अर्ज कानडीत. रानात गड्याशी घडाघडा बोलणारा मी, पण अर्जातली एक ओळ वाचता येईना. बाहेर बसलेल्याला पैसे देऊन भरून घेतला, त्याने जोडणीचा प्रकारच चुकीचा लिहिला, आणि दोन महिने गेले. मग बसच्या पाट्यांवरून अक्षरं गिरवली, चाळिशीच्या तोंडावर. आता दरपत्रक कानडीत काढतो. जोडाक्षरं अजून मुलगी तपासते.

५. बाईमाणसाला प्रवास परवडला की घराचा नकाशा बदलतो. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, आणि त्याच वर्षापासून महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट. आई पूर्वी उमरग्याला माहेरी वर्षातून दोनदा जायची. आता मनात आलं की आधारकार्ड पदराला बांधून निघते. “हद्दीपर्यंत सरकारची पाहुणी, पुढं अर्धी,” म्हणते.

६. परत येणाऱ्याला लोक हरलेला समजतात. त्यावर वाद घालू नये. भोसरीत पगार बरा होता, पण खोली, गॅस आणि गावाकडे जायचं भाडं वजा करून काय उरतं ते मी डायरीत लिहीत होतो. डायरी कुणाला दाखवली नाही. पहिली दोन वर्षं शेडमध्ये फक्त गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. उधारी इतकी की वहीच संपली.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे गावी येतात. रानात कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील. पुण्याहून आलेला चुलतभाऊ दरवर्षी विचारायचा, “मग परत कधी चाललास, ग्यानबा?” मी म्हणायचो, “बघू.” गेल्या येळवशीला तो कोपीमागे लघवीच्या निमित्ताने मला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, “शेड टाकायला किती लागलं रे? घरात बोलू नको इतक्यात.”