बुझावणे, संबोखणे, निवविणे

जुन्या पोथीचा अर्थ आजच्या मराठीत सांगताना कठीण शब्दांपाशी आपण थांबतो, कोश पाहतो, वडीलधाऱ्यांस विचारतो. अर्थाची हानी मात्र पुष्कळदा सोप्या वाटणाऱ्या शब्दांतच होते. 'शांत केले' हा असाच एक प्रयोग होय. मुळात बुझाविले असो, संबोखिले असो वा निवविले असो, निरूपण करणारा तिन्ही ठिकाणी 'शांत केले' एवढेच म्हणून पुढे जातो. श्रोत्यास कथा कळते. परंतु कोणाच्या मनात काय खवळले होते आणि ते कशाने निमाले, हे कळत नाही.

मेहकर व लोणार ही बुलढाणा जिल्ह्यातील गावे लीळाचरित्राच्या वाचकांस परिचित आहेत. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात हयात वेचलेले डॉ. वि. भि. कोलते (१९०८–१९९८) हेही याच जिल्ह्यातील, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. या भागात, आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्रात, वरील तीन शब्दांपैकी एक अजून चुलीपाशी नांदतो आहे. 'दूध निवले का', 'भात निवू द्या' असे आपण सहज बोलतो. निवणे म्हणजे ताप जाऊन सोसवेल असे होणे. संस्कृतातील निर्वापण, म्हणजे विझविणे वा थंड करणे, हे त्याचे मूळ. निर्वाण शब्दाचा धातूही तोच. म्हणून 'डोळे निवाले', 'जीव निवाला' यांत केवळ शांतता नाही. आधीचा दाह गृहीत आहे. जेथे दाह नव्हता तेथे निवविणे हा शब्द येणार नाही, आणि जेथे तो आला आहे तेथे अर्थ सांगणाऱ्याने दाह कोणता ते शोधले पाहिजे.

बुझावणे याची जात निराळी. संस्कृत बुध्, प्राकृत बुज्झ, त्यावरून बुझणे म्हणजे समजणे, आणि बुझावणे म्हणजे समजेल असे करणे. रुसलेल्याचा रुसवा काढणे हा अर्थ त्यास पुढे चिकटला, तरी गाभा समजुतीचाच आहे. ज्यास बुझावयाचे त्यास बुद्धी आहे, तो ऐकेल, त्याला न दिसलेली बाजू दाखविता येईल, असा विश्वास या शब्दात आहे. 'समजूत घालणे' हा आजचा प्रयोग त्यास सर्वांत जवळचा होय. मात्र व्यवहारात 'समजूत घातली' याचा अर्थ पुष्कळदा 'गप्प बसविले' एवढाच उरला आहे.

सर्वांस ज्ञात असलेली सशाची लीळा घ्यावी. पारध्यांच्या पाठलागातून ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेल्यास मरण नाही हे स्वामींनी त्यांस सांगितले, आणि ते परतले. नंतर सशास मोकळे केले. या प्रसंगात दोन क्षोभ आहेत: सशाची भीती आणि पारध्यांचा आवेश. पहिल्यास अभय हवे होते, दुसऱ्यास बोध. पारध्यांस कोणी धाकाने हटविले नाही की काही देऊन वळविले नाही. त्यांना पटले म्हणून ते गेले. 'स्वामींनी सर्वांना शांत केले' असे एका वाक्यात सांगितले की लीळेचा प्राणच हरवतो.

येथे एक गोष्ट अवश्य नमूद करावी. श्रौत यज्ञात पशूचा वध करणाऱ्यास 'शमिता' म्हणत, म्हणजे शांत करणारा. त्या वधाचे नाव 'संज्ञपन', म्हणजे शब्दशः संमती घेणे, समजावणे. पशूचा श्वास कोंडून त्यास 'समजाविले' असे म्हणावयाचे! शांत करणे या शब्दाच्या पोटात एवढे क्रौर्य मावू शकते. आजही आपण 'दिवा शांत करा' म्हणतो, तेव्हा विझविणेच अभिप्रेत असते. म्हणून सशाच्या लीळेत तरी हा शब्द मला खटकतो.

संबोखणे यात वडिलकीचा, मायेचा स्वर आहे. दुःखी वा भ्यालेल्या मनुष्यास मोठ्याने गोड शब्दांनी धीर देणे, असा त्याचा वापर जुन्या मराठीत दिसतो. गीतेच्या ११व्या अध्यायात ही दिशा फार स्पष्ट दिसते. विश्वरूप पाहून कंपित झालेला अर्जुन ४४व्या श्लोकात 'प्रसादये' म्हणतो; ५०व्यात श्रीकृष्ण त्या भ्यालेल्यास आश्वासन देतात. प्रसादन खालून वर जाते: ज्याच्याकडून आगळीक झाली तो नमतो. आश्वासन वरून खाली येते: त्याचा शब्दार्थ श्वास परत येऊ देणे. आज मात्र आश्वासन म्हणजे निवडणुकीतील वचन झाले आहे! तेव्हा ५०व्या श्लोकाच्या अनुवादात 'आश्वासन दिले' हे मूळचेच पद तसेच ठेवल्यास नवा वाचक भलतेच समजेल. 'धीर दिला' असे लिहावे, अथवा 'संबोखिले' असे लिहून टीप द्यावी.

सांत्वन हा शब्द आता मृत्यूच्या घरापुरता उरला आहे. पूर्वी तो तसा नव्हता. अमरकोशात साम आणि सांत्व हे एकार्थी दिले आहेत. म्हणजे राजनीतीच्या चार उपायांतील पहिला उपाय तो हाच. सामात बोलणाऱ्याचा हेतू असतो. मनधरणीतही असतो, मन धरून ठेवावयाचे ते आपले काम व्हावे म्हणून. परंतु भागवताच्या दशम स्कंधातील ६०व्या अध्यायात, श्रीकृष्णांच्या थट्टेने रुक्मिणी मूर्च्छित झाल्यावर, त्यांस 'सांत्वज्ञ' असे विशेषण येते, आणि तेथे कारण कृपा हे दिले आहे. एकच शब्द, पण हेतू पालटला की अर्थ पालटतो. येथे 'मनधरणी केली' असा अनुवाद करणारा कृपेच्या जागी गरज बसवितो.

याच कारणाने ग्रहशांती, वास्तुशांती यांतील 'शांती' ईश्वराकडे नेता येत नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानणाऱ्यास देवता शमविणे आणि परमेश्वर प्रसन्न होणे यांचे एकच भाषांतर कसे चालेल? एक देऊन साधते. दुसरे मागितल्यावरही त्याच्या कृपेवरच राहते.

आणखी एक अडचण हिंदी अनुवादाची. पंजाबात जयकृष्णी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या बंधूंसाठी लीळांचे हिंदी करावे लागते. हिंदीत 'बुझाना' म्हणजे विझविणे. तेव्हा 'बुझाविले' हे रूप पाहून आग विझविल्याचा भास होतो, आणि निवविणे व बुझावणे यांची पुन्हा गल्लत होते. पण त्याच हिंदीत 'समझाना-बुझाना' ही जोडी आहे; तेथील बुझाना आपल्या बुझावण्याचाच सख्खा भाऊ होय. लीळेतील 'बुझाविले' यासाठी 'शांत किया' न लिहिता 'समझाया-बुझाया' लिहावे.