गप्प बसू नकोस

अंबाजोगाई

चि. मृण्मयी,


काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, पोरगी तोरिनोत इटालियनच्या वर्गात तोंडच उघडत नाही, सगळं इंग्रजीवर निभावते. कुणीतरी उच्चाराला हसलं म्हणे. एवढ्यावरून गप्प बसलीस? आपल्या घरात गप्प बसणारं आहे तरी कोण? तुझे आजोबा तहसीलदारालासुद्धा ऐकवून यायचे!

दिवाळीत तू विसरून गेलेली वही मी चाळली. भिण्यासारखं काय आहे गं त्यात? 'कासा' म्हणजे घर, 'कास्सा' म्हणजे दुकानातला गल्ला. पती आणि पत्ती म्हणताना तुझी जीभ कधी घोटाळली का? कास्-सा असं तोड, स वर जरा थांब. 'पास्ता' मात्र पा-स्ता असाच तुटतो, आपण लिहितो तसा. 'ग्रात्सिए'मध्ये चमच्यातला च हवा, चहातला आणलास तर हसतीलच. दोन्ही च तुझ्या तोंडात जन्मापासून आहेत. लघु-गुरू पाडायला बसवलं की किती कुरकुरायचीस, आठवतं? तोच कान आता लाव. 'आंकोरा'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर नांगर, मधल्यावर दिला तर 'अजून'. हे वहीत बघून येत नाही, बोलूनच जिभेवर बसतं. म्हणून सांगते, बोल.

मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा 'काय करायलीस?' म्हटलं की मुली खुदखुदायच्या. मी वर्गात प्रश्न विचारणंच सोडलं. मार्क मिळाले, मैत्रीण एकही मिळाली नाही. ती हळहळ अजून जात नाही बघ. तुझ्या वाट्याला ती नको, एवढंच.

आणि आपण मुकुंदराजांच्या गावचे! संस्कृतातलं ज्ञान त्यांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु'त मराठीत आणलं, असं मानतात. तुझ्या तिकडचा दांते जन्मला १२६५ साली; त्यानंही मोठं काव्य लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या बोलीत लिहिलं. हसणाऱ्यांना भिऊन दोघं गप्प बसले असते तर?

फार बोलले का? रागावू नकोस. परक्या मुलखात एकटी राहतेस, तेच केवढं आहे! कारळाची चटणी पाठवतेय, भाकरी नसली तर पावाबरोबर खा. रविवारी फोन कर आणि मला इटालियनमधलं काहीही वाचून दाखव, किराण्याची यादी चालेल. मला ओ की ठो कळणार नाही, म्हणजे चुका काढायला कुणी नाही. तू नुसती बोलत राहा, मी ऐकते.

तुझी,
आत्या