बसलेला घसा : किती दिवस वाट पाहावी?

वऱ्हाडात आवाजावर पोट असणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. शिक्षक, कीर्तनकार, बाजार समितीत शेतमालाचा हर्रास पुकारणारे, जिनिंगच्या घरघरीत मजुरांना हाका मारणारे मुकादम. कुदळ बोथटली की मनुष्य ती लोहाराकडून पाजवून आणतो. घसा बसला तर मात्र खडीसाखर तोंडात टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभा राहतो.

स्वरयंत्रातील दोन नाजूक स्वरतंतू एकमेकांवर आदळून ध्वनी निर्माण करतात. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा, तर स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. म्हणजे एखाद्या शिक्षिकेने दिवसभरात केवळ अर्धा तास आवाज काढला, तरी हे आघात साडेतीन लाखांवर जातात. ओरडून बोलल्यास प्रत्येक आघात अधिक जोराचा होतो. त्यातून आधी सूज येते आणि तरीही ताण चालूच राहिला तर स्वरतंतूंवर घट्टे पडल्यासारख्या बारीक गाठी धरतात. या गाठींना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. विश्रांती व वाचा-उपचार यांनी त्या बऱ्या होऊ शकतात.

येथे एका समजुतीविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. गुळण्या, ज्येष्ठमध, लवंग हे उपाय घशाला आराम देतात, परंतु ते स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू आहेत श्वासाच्या वाटेवर. प्यालेले पाणीसुद्धा शरीरात भिनून मगच त्यांना ओलावा देते. म्हणून कार्यक्रमाच्या वेळी घटाघटा पाणी पिण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे प्यावे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तर याला पर्यायच नाही. वाफ मात्र स्वरतंतूंपर्यंत पोहोचते. (लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यापासून दूर ठेवावे.) वारंवार खाकरणे व कुजबुजणे, दोन्ही टाळावे, कुजबुजण्याने घशाला विश्रांती मिळते, असे नाही.

आपल्या प्रांतातील भजन-कीर्तनाच्या रीतीत घशाची सोय आपोआपच झालेली दिसते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोक देत. खंजिरी भजनात ध्रुपद साथीदार उचलून धरतात, तेवढा गायकाच्या कंठाला विसावा. हेतू लोकशिक्षणाचा व भक्तीचा, हे खरेच. पण साठ मुलांच्या वर्गात हीच युक्ती शिक्षकांनाही उपयोगी पडेल. धडा विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावा, शांततेसाठी ओरडण्याऐवजी टेबलावर थाप द्यावी. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. दीर्घ सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात घशावर पूर्ण भार टाकू नये. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्यांच्या घशाशी आम्लपित्त येते व सकाळी आवाज जड होतो. याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

सर्दीने किंवा बोलण्याने बसलेला आवाज साधारणतः एक-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे उलटूनही तो सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. विडी, सिगारेट, मद्य किंवा खर्रा यांची सवय असणाऱ्यांनी याबाबत मुळीच चालढकल करू नये. स्वरतंतूंच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुतेक वेळा आवाजातील घोगरेपणा हेच असते आणि तो आरंभीच सापडला तर किरणोपचाराने किंवा लेसर शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्ण बरे होतात. 'आवाजच तर बसला आहे' म्हणून घालविलेले महिने पुढे स्वरयंत्रच काढण्याची वेळ आणू शकतात. श्वास घेताना आवाज येणे, गिळताना दुखणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ यांपैकी काही असल्यास तीन आठवडेही थांबू नये.

तपासणीची अनेकांना भीती वाटते, विशेषतः घरातील वृद्धांना. ती बाह्यरुग्ण विभागातच, रुग्णास खुर्चीवर बसवून, छोट्या आरशाने किंवा बारीक दुर्बिणीने होते. त्यासाठी गुंगी द्यावी लागत नाही. क्वचित उबळ येते, आणि काही मिनिटांत रुग्ण घरी जाऊ शकतो.